हाताचे देणे

आपल्याकडे घरात मूल जन्मले की तेल लावायला बाई ठेवतात. सव्वा महिना ती रोज सकाळी येते, पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर आडवे घेते आणि चोळूनमाळून न्हाऊ घालते. बाळंतिणीचेही अंग रगडते. शेवटी तिला पैसे देतात, लुगडे देतात. हा खर्च चैनीचा आहे असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. मग तोच देह ऐंशी वर्षांचा होऊन आखडला, की त्याला तेल लावायला बाई ठेवणे ही चैन कशी ठरते? हा प्रश्न माझा नव्हे. माझ्या मावशीने तो मला विचारला.

मावशी मिशन दवाखान्यात ३८ वर्षे परिचारिका होती. लग्न केले नाही. निवृत्तीनंतर बरीच वर्षे एकटी राहिली, आणि गुडघे अगदीच कुरकुरू लागले तेव्हा आमच्याकडे बेळगावात आली. आम्ही तिला वेगळी खोली दिली. जेवण वेळेवर, औषधे वेळेवर. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार असे सांगितले आहे. त्या यादीप्रमाणे आमच्याकडे काही उणे नव्हते. तरी एके दिवशी ती सहज बोलून गेली, "अरे, रक्तदाब बघायला तो मुलगा येतो ना, त्याच्याखेरीज या महिन्यात मला कोणी हात लावलेला नाही."

मी चपापलो. कामात होतो, वेळ मिळाला नाही, असे काहीतरी पुटपुटलो. पण खरे कारण ते नव्हते. म्हातारपणाची ती सैल, पातळ कातडी मला नकोशी वाटे. मी स्वतः साठीच्या पुढे आहे. त्या कातडीत मला माझेच पुढले दिवस दिसत.

मग आम्ही एक बाई ठेवली. ती आठवड्यातून दोनदा येते, तिळाच्या तेलाने पाठ, खांदे, दंड चोळते, काशाच्या वाटीने तळवे घासते. पहिल्या महिन्याचे पैसे देताना मला लाज वाटली. जे आपण करायचे ते विकत आणले, असे काहीसे मी मावशीला म्हणालो. ती रागावलीच. "मीही पगार घेत होते. म्हणून ३८ वर्षे माझे हात खोटे होते का?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजून नाही. पगारी हात तो कमी प्रतीचा, हे आपण फार सहज मानतो. त्या बाईचे कसब आणि तिची मेहनत यांचा त्यात अपमान आहे. मात्र दुसरी बाजूही मला सोडत नाही. बाई आली म्हणून माझे देणे फिटले काय? दावीद राजा म्हातारा झाला तेव्हा सेवकांनी त्याच्यावर कपड्यांवर कपडे घातले, तरी त्याला ऊब येईना, असे राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीच आहे. शेवटी अबीशग नावाची तरुणी आणली गेली. ती गोष्ट वाचताना आपण अवघडतो, आणि त्या मुलीला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न उरतोच. परंतु पांघरुणाने भागत नाही, एवढे त्या काळच्या लोकांनाही कळले होते.

मालिशीने दुखणे जाते काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या २२२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनंतर मालीश घेणाऱ्यांना इतरांपेक्षा स्पष्ट आराम होता; वर्ष सरेपर्यंत गटागटांतला फरक फारसा उरला नाही. वाग्भटाने अभ्यंग रोज करावा असे सांगितले, तो म्हातारपण हटवतो असेही म्हटले. ते दुसरे मला पटत नाही, पण रोज हा शब्द पटतो. भाकरी एकदा खाऊन वर्षभर पुरत नाही, म्हणून तिला कोणी निरुपयोगी म्हणत नाही.

आता अवघड प्रश्न. कर्तव्य म्हणून लावलेल्या हाताला काही किंमत आहे काय? माया आज्ञेने येत नाही. मी मावशीचे पाय चोळायला बसलो तो मायेने नव्हे, खजील होऊन बसलो. स्वीडनमधील संशोधकांनी १९९० च्या दशकात मनुष्याच्या त्वचेतील काही बारीक मज्जातंतूंचा अभ्यास केला. हे तंतू हळुवार स्पर्शाला, म्हणजे सेकंदाला काही थोडे सेंटिमीटर सरकणाऱ्या हाताला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. भरभर हात फिरवला तर तितका देत नाहीत. हे वाचून मला थोडा धीर आला आणि थोडी भीतीही वाटली. हात कोणत्या हेतूने आला हे कातडी विचारीत नाही. घाई मात्र तिला तत्काळ कळते. आणि घाई तर आमच्या घरात भरपूर होती.

मी पाय आणि हात चोळतो. पाठ त्या बाईकडे. आधी "लावू का?" असे विचारायचे, हा मावशीचा पहिला नियम. नाही म्हणाली तर नाही. परिचारिका असल्याने तिचे नियम पुष्कळ आहेत. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागत असेल तर हात लावायचा नाही, डॉक्टरला दाखवायचे. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली किंवा हाडे ठिसूळ झालेली असली तर जोर करायचा नाही, कण्यावर दाब द्यायचा नाही. मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून कोमट तेल आधी आपल्या मनगटावर पाहायचे. अंथरुणाला खिळलेल्याच्या हाडावर लाल चट्टा दिसला तर तो चोळायचा नाही. "आम्ही पूर्वी स्पिरिट आणि पावडर लावून नेमके तेच चोळायचो," ती म्हणाली. "मला वाटायचे, केवढे बरे करते आहे मी." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

पहिल्या दिवशी तेल लावून मी मोठ्या समाधानाने उठलो, तर तिने मागे बोलावले. "तळवे पूस आधी. बोटांच्या बेचक्यासुद्धा. आत्ता फरशीवर घसरले तर तुझी सगळी मेहनत प्लास्टरात जाईल."