संचित कुणाचं?

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात खोंड घेणारा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. आदत (दुधाच्या दातांचा) की दुसा (दोन पक्के दात आलेला) हे कळलं की खांदा, खूर, शेपटी. मग विचारतो, "आई कशी होती? वळू कुणाचा?" श्रीगोंदा तालुक्यातल्या या बाजाराला रक्ताची किंमत चांगली ठाऊक आहे. पण घरातला पंधरा वर्षांचा पोरगा अंगानं सुटला की त्याचं रक्त कोणी विचारत नाही. मामा सरळ म्हणतो, "हादडणं कमी कर."

खरं तर वजनातही रक्ताचा वाटा असतो. वजनाशी जोडलेला एफटीओ हा जनुक 2007 साली उजेडात आला. युरोपातल्या पाहणीत त्याचा जोखमीचा प्रकार आई-बाप दोघांकडून मिळालेली प्रौढ माणसं सरासरी तीन किलोंनी जड भरली. वजनाच्या जोडीनं येणाऱ्या रक्तदाबाचा तर एक धनी नाही. शेकडो जनुकांचा इवला-इवला वाटा त्यात असतो.

मग हे प्रारब्धच म्हणायचं का? आपल्याकडे संचित (मागचं साठलेलं), प्रारब्ध (त्यातलं भोगायला आलेलं) आणि क्रियमाण (आता करतो ते) असा कर्माचा हिशेब मांडतात. मंडालेच्या तुरुंगात, स्वतः मधुमेहानं त्रासलेल्या टिळकांनी 'गीतारहस्या'त कर्मविपाकाबरोबरच आत्मस्वातंत्र्याचा विचार केला. भोग चुकत नसला तरी माणसाचा हात बांधलेला नाही, हा त्यांचा आग्रह मोलाचा आहे.

मात्र आईच्या पोटातल्या दिवसांचं खातं या हिशेबात नीट बसत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं भरली सरासरी पावणेतीन किलोंच्या आत. हातपाय काटकुळे, पण त्या मानानं अंगात चरबी टिकलेली. ज्या आयांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा आलं, त्यांची बाळं मोठी. शेतात जड कामं उपसणाऱ्यांची लहान.

बाळाची ही अंगकाठी म्हणजे ना त्याचं क्रियमाण, ना निव्वळ जनुक. मागच्या जन्मीचं पाप म्हणावं, तर आईची उपासमार लेकराच्या माथी मारल्यासारखं होतं. ते म्हणणं अन्यायाचं आहे. खुरपणीला वाकलेल्या त्या बाईच्या ताटात भाजी का नव्हती, हे घराला आणि गावाला विचारायला हवं.

अंगानं सुटलेल्या त्या पोराला हादडण्यावरून बोलण्याआधी त्याचा रक्तदाब मात्र नीट मोजावा. तेराव्या वर्षापासून 130/80 ही उच्च रक्तदाबाची रेघ धरतात, तीही वेगवेगळ्या दिवशी तपासून. पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा बांधून. जाड दंडाला लहान पट्टा आवळला, तर आकडा उगाच वर चढतो.