भिंतीवरच्या तसबिरीतील शिपाई

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांपर्यंत वाढली आणि त्यांतील ८७ हजारांच्या आसपास माणसे कामी आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या सैन्याचा इतिहास लिहिला गेलाच नाही असे नव्हे. बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली त्याचे अनेक अधिकृत खंड प्रसिद्ध झाले आहेत. मात्र त्या खंडांत साधा शिपाई नावानिशी क्वचितच भेटतो. ज्या युद्धदैनंदिन्यांवर, म्हणजे युद्धकाळात प्रत्येक तुकडीने रोजच्या रोज भरायच्या नोंदवह्यांवर, असा इतिहास उभा राहतो, त्यांतही अधिकाऱ्यांची नावे येतात आणि शिपायांची बहुधा केवळ संख्या. त्यामुळे सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील एखादे कुटुंब आपले आजोबा वा पणजोबा पायदळात नेमके कोठे होते याचा शोध घेऊ लागते, तेव्हा त्याच्या हाती पुष्कळदा एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे गणवेशातील एक जुने छायाचित्र.

या छायाचित्राचा पुरावा म्हणून विचार करायचा, तर ते युद्धाचे छायाचित्र नव्हे, हे प्रथम मान्य करावे लागते. आघाडीवरच्या शिपायाजवळ सहसा कॅमेरा नसे, आणि घरी जाणारे प्रत्येक पत्र सेन्सॉरच्या, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नजरेखालून जात असल्याने तुकडीचे नाव वा ठिकाण लिहिण्याची सोय नव्हती. घरात उरलेली छायाचित्रे बहुतेक करून तीन प्रसंगांची असतात : प्रशिक्षण संपल्यावर छावणीच्या गावातील स्टुडिओत काढलेले, रजेवर आल्यावर कुटुंबासह काढलेले, आणि परदेशात कैरो किंवा बगदादसारख्या शहरात एखाद्या मित्रासोबत हौसेने काढून घेतलेले. तिन्ही ठिकाणी पाठीमागे रंगवलेला पडदा असतो आणि गणवेशाला कडक इस्त्री असते. आपण घरच्यांना कसे दिसावे याचा त्या माणसाने केलेला निर्णय अशा छायाचित्रात नोंदलेला असतो. त्याने काय भोगले याची नोंद त्यात नसते. ‘आजोबा इटलीत लढले’ हे विधान केवळ चेहऱ्यावरचा करारीपणा पाहून करता येत नाही, आणि नेमके तेच विधान सर्वांत आधी केले जाते.

दुसरी अडचण घरोघरच्या तसबिरींची आहे. भिंतीवर हार घातलेली जी मोठी तसबीर दिसते, ती बहुधा मूळ प्रत नसते. गटाच्या छायाचित्रातून किंवा ओळखपत्रावरून एकाच चेहऱ्याचे केलेले ते एन्लार्जमेंट असते आणि त्यावर रंगकाम करणाऱ्याने ब्रश फिरवलेला असतो. या कारागिराने गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी गालांवर लाली चढवली, कोट गडद केला आणि प्रसंगी छातीवरील पदकांची ओळही ठळक केली. कुटुंबाच्या दृष्टीने ही श्रद्धा आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण संशोधनाच्या दृष्टीने हानी मोठी आहे, कारण मोठे करताना कापल्या गेलेल्या कडांवरच स्टुडिओचा उमटवलेला शिक्का, शेजाऱ्याच्या बाहीवरचे चिन्ह आणि पुढे बसलेल्या सुभेदाराच्या पायाशी ठेवलेली पाटी असते. लोखंडी पेटीच्या तळाशी पडलेली, कोपरे दुमडलेली मूळ प्रत म्हणूनच भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची ठरते.

मूळ प्रत हाती आली की वाचन गणवेशापासून सुरू होते. बाहीवर एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार. खांद्यावर एक तारा म्हणजे जमादार, दोन म्हणजे सुभेदार आणि मुकुट म्हणजे सुभेदार मेजर. जमादारापासून वरचे हे हुद्दे व्हाइसरॉयच्या सनदेने दिले जात आणि ते भारतीयांसाठीच होते. अर्ध्या चड्डीचा सुती खाकी वेश उष्ण प्रदेश किंवा भारतातील छावणी सुचवतो, जाड लोकरीचा आखूड कोट भूमध्य समुद्राभोवतालचा हिवाळा सुचवतो, आणि गडद हिरवा वेश ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ नंतर रुळला. अर्थात कृष्णधवल छायाचित्रात हिरवा आणि खाकी वेगळे ओळखणे सोपे नाही. रंगांबाबत आणखीही एक सापळा आहे. त्या काळी अनेक स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म, म्हणजे तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद न देणारी फिल्म, वापरली जाई. तिच्यावर तांबडा रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट दिसतो. आफ्रिका स्टार या युद्धपदकाची छातीवरील फीत फिकट वाळूच्या रंगाची असून तिच्या मध्यभागी रुंद तांबडा पट्टा आहे, तर बर्मा स्टारची फीत गडद निळी असून तिच्याही मध्यभागी तांबडा पट्टाच आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी रेघा आहेत. फिल्मचा प्रकार लक्षात न घेता या फिती वाचल्या, तर ब्रह्मदेशात लढलेला माणूस वाळवंटात नेऊन ठेवला जाऊ शकतो.

पदकांच्या फितींचा खरा उपयोग स्थळापेक्षा काळ ठरवण्यासाठी अधिक होतो. आफ्रिका स्टार १९४३ मध्ये जाहीर झाला, आणि इटली व बर्मा स्टार मे १९४५ मध्ये. त्यामुळे इटली स्टारची फीत छातीवर असलेले छायाचित्र १९४४ चे असणे शक्य नाही, मग घरात कोणी काहीही सांगत असो.

पलटण ओळखताना आडनावाचा आधार घेणे हा महाराष्ट्रातील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कच्चा मार्ग आहे. मराठी माणूस सैन्यात होता म्हणजे तो मराठा पलटणीतच असणार हे गृहीतक टिकत नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, पुरवठा दलात आणि वैद्यकीय दलातही मराठी माणसे होती. टोपीवरील बिल्ला येथे अधिक भरवशाचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यात लाइट इन्फन्ट्रीची खूण असलेले बिगुल आहे, तर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता. ज्या समाजाची पायदळातील भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली होती आणि पहिल्या महायुद्धात उभारलेली ज्याची पलटण युद्धानंतर मोडण्यात आली, त्या समाजाच्या घरातील हा बिल्ला केवळ पलटणीची खूण राहत नाही, आणि तो धूसर दिसतो म्हणून सोडून देणे परवडणारे नाही.

बिल्ला रेजिमेंट सांगतो, बटालियन सांगत नाही. आणि पायदळातील माणसाचे नशीब बटालियनवर ठरत असे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनने १९४१ मध्ये इरिट्रियात केरेनची लढाई लढली आणि पुढे इटलीत टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी याच बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी चकमक झाली. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळवला. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक येथे जपान्यांशी लढली. दुसऱ्या बटालियनची कथा मात्र वेगळी आहे : २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले तेव्हा ती तेथेच होती आणि तिचे सैनिक युद्धकैदी झाले. या बटालियनमधील माणसाच्या घरी १९४२ ते १९४५ या वर्षांचे छायाचित्र बहुधा सापडत नाही, किंवा सापडलेच तर ते छावणीत रेडक्रॉसच्या भेटीच्या वेळी काढलेले, नीटनेटक्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांचे असते. अल्बममधील अशी पोकळी हाही पुरावा आहे, परंतु कुटुंबे तिची भरपाई शौर्यकथेने करतात. कैदेत गेलेल्या माणसाची तीन वर्षे लाजिरवाणी समजून ती झाकण्याची ही रीत त्या माणसावर अन्याय करणारी आहे, कारण शरणागतीचा निर्णय त्याचा नव्हता. तो वरिष्ठांचा होता.

छायाचित्राने सुचवलेले दुवे कागदांवर तपासावेच लागतात. युद्धकैद्यांची माहिती जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या दप्तरात शोधता येते, मृतांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत असतात, आणि त्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही दिलेला असतो, मात्र रोमन लिपीतील हिज्जे वाटेल तसे असतात. घरात पेन्शनचे पुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर त्यावरील शिपाई क्रमांक हा कोणत्याही छायाचित्रापेक्षा मोठा धागा ठरतो. पहिल्या महायुद्धाबाबत तर निराशाच अधिक पदरी पडते : बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि इतर भारतीय सैनिकांची केवळ संख्या देण्यात आली. आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य केली आहे.

नावांऐवजी संख्या मिळालेल्या या माणसांच्या चेहऱ्यांची नोंद आज प्रामुख्याने घरांतच आहे, आणि ती दरवर्षी घर बदलताना, वाटण्या होताना, भंगारवाल्याला पेटी देताना कमी होत आहे. ज्या घरात असे छायाचित्र आहे त्या घराने ते नव्याने रंगवून घेऊ नये, लॅमिनेट करू नये आणि कडा छाटू नयेत. दोन्ही बाजूंची मोठ्या आकाराची प्रत काढून घ्यावी, आणि गटातील जेवढे चेहरे घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला ओळखता येतात तेवढ्यांची नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, आजच लिहून ठेवावीत.