आजारी कोंबडी व विकणाऱ्याचें मौन

परसांतील दहापंधरा कोंबड्यांपैकीं एक सकाळीं खुराड्यांतून बाहेर येत नाहीं. ती पिसें फुलवून कोपऱ्यांत बसते, चोंच उघडून श्वास घेते, आणि तिच्या घशांतून घरघर ऐकूं येते. दुसऱ्या दिवशीं आणखी दोन तशाच होतात. तिसरा दिवस आठवड्याच्या बाजाराचा असतो. अजून आठदहा कोंबड्या धडधाकट दिसत आहेत. त्या डालग्यांत घालून बाजारांत न्याव्या काय? आणि नेल्याच, तर घेणाऱ्यानें विचारल्यावांचून आपण होऊन कांहीं सांगावें काय?

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं एखाद्या गरीब घरची बाई मीठ, तेल व मुलांच्या वह्या कशाच्या पैशांतून आणते हें पाहावें. पुष्कळ घरीं शेताचा पैसा पुरुषाच्या हातीं व कोंबड्यांचा पैसा बाईच्या हातीं असतो. खुराडें ही तिची पेढी होय. ती पेढी तीन दिवसांत बुडत असतां, जें वांचवितां येईल तें वांचवावें असें तिच्या मनांत आलें तर त्यांत नवल नाहीं. म्हणून ह्या प्रश्नाचें उत्तर घाईनें देऊं नये. आधीं आजार काय आहे तें पाहूं.

कोंबड्यांची घरघर एकाच रोगानें होत नाहीं. सर्वांत भयंकर ती मानमोडी. हिलाच राणीखेत म्हणतात, कारण आपल्या देशांत कुमाऊं प्रांतांतील राणीखेत येथें १९२८ च्या सुमारास ती ओळखली गेली. त्याच्या थोडें आधीं, १९२६ सालीं, जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथेंहि ती दिसली होती. पक्षी धापा टाकतात, हिरवट हगवण लागते, कांहींची मान पिळवटते, आणि लस न टोंचलेला कळप बहुतेक सगळा साफ होऊं शकतो. हा रोग विषाणूचा असल्यामुळें त्यावर औषध नाहीं. दुसरा जुनाट श्वासरोग. ह्यांत मरण कमी, परंतु बरी झालेली कोंबडी रोगाचे जंतु पुढेंहि अंगांत बाळगते, आणि ते अंड्यांतून पिलांतहि उतरतात. तिसरी सांथीची सर्दी, जिच्यांत तोंड सुजतें व नाकांतून घाण वास येणारा स्राव वाहतो. चौथा बर्ड फ्लू, जो क्वचित् माणसांसहि होतो. ह्यांपैकीं कोणता रोग आला आहे हें नुसत्या घरघरीवरून पशुवैद्यासहि तपासणीवांचून खात्रीनें सांगतां येत नाहीं. शिवाय मानमोडीचा विषाणु अंगांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत काळ जातो. तेव्हां बाजारांत नेलेली धडधाकट कोंबडी ही धडधाकट आहे असें कोणासहि म्हणतां येत नाहीं.

आतां विकणाऱ्याच्या मौनाकडे वळूं. हा वाद फार जुना आहे. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो ह्यानें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत तो असें एक उदाहरण घेतो: एक मनुष्य आपलें घर विकीत आहे. तें घर रोगट आहे हें त्यास ठाऊक आहे, दुसऱ्या कोणास नाहीं. त्यानें तें घेणाऱ्यास सांगावें काय? डायोजिनीस नांवाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. घेणाऱ्याला डोळे आहेत, त्यानें पाहून घ्यावें. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाटसरूस वाट न दाखविणें हा जर दोष, तर जाणूनबुजून त्यास खड्ड्यांत पडूं देणें हा त्याहून मोठा दोष होय. सिसेरोनें आपलें मत शिष्याच्या बाजूस दिलें.

आमच्या देशाचा कायदा मात्र ह्याबाबतींत सावध आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमांत एक घोडा आढळतो. विकणाऱ्यास ठाऊक आहे कीं घोडा सदोष आहे. तो लिलावांत विकतो व कांहीं बोलत नाहीं. कायदा म्हणतो, ही लबाडी नव्हे. परंतु तेथेंच पुढें सांगितलें आहे कीं, घेणारी जर त्याची स्वतःची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच सांगणें हें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारा जर म्हणाला, “तूं नाहीं म्हणाला नाहींस, तर घोडा चांगला आहे असें मी धरून चालेन,” तर त्या वेळचें मौन हें बोलण्यासारखेंच होय.

लेकीला सांगावें, परक्याला न सांगितलें तरी चालेल, ही रेघ कायद्यानें ओढली ती न्यायालयाच्या सोयीसाठीं. प्रत्येक मौनाची चौकशी न्यायालय करूं शकत नाहीं. परंतु मनुष्याच्या मनास ती सोय घेतां येत नाहीं. जी कोंबडी आपण सासरच्या लेकीला देणार नाहीं ती दुसऱ्याच्या लेकीला देतों, तेव्हां आपणांस ती कशी आहे हें ठाऊक असतें. कायदा शिक्षा करीत नाहीं एवढ्यावरून तें कृत्य निर्दोष ठरत नाहीं.

तथापि ह्याहून महत्त्वाची गोष्ट आमच्या मतें वेगळीच आहे. लंगड्या घोड्यामुळें दुसऱ्याचा घोडा लंगडा होत नाहीं. सौदा दोघांत होतो व तोटाहि त्या दोघांतच राहतो. रोगी कोंबडीचें तसें नाहीं. तिला घेणारा आपल्या गांवीं नेतो. ती त्याच्या कोंबड्यांत मिसळते. त्याच्या कोंबड्या शेजारणीच्या उकिरड्यावर चरतात. त्या शेजारणीनें बाजार केला नाहीं, भाव केला नाहीं, पैसे वांचविले नाहींत. नुकसान मात्र तिचें होतें. म्हणून “मी घेणाऱ्यास खरें सांगितलें, त्यानें स्वस्तांत राजीखुषीनें घेतली,” एवढ्यानेंहि विकणारा मोकळा होत नाहीं. घेणाऱ्याची संमति ही शेजारणीची संमति नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाविषयीं जो नियम आहे तोहि हेंच सांगतो: बैल मारका आहे हें ज्या धन्यास ठाऊक होतें व तरी ज्यानें त्यास बांधून ठेविलें नाहीं, त्याचा दोष अजाण धन्याहून फार मोठा. तेथें सौद्याचा प्रश्नच नाहीं. ज्यास ठाऊक आहे त्यानें आवरावें, एवढाच प्रश्न आहे. तेव्हां आमचें उत्तर अँटिपेटरच्याहि पुढें जातें. येथें बोलणें पुरेसें नाहीं. कोंबडी घरांतच ठेविली पाहिजे.

ह्यावर जे आक्षेप निघतात ते ऐकून घेणें अवश्य आहे. कोणी म्हणेल, “हा रोगच आहे कशावरून? थंडीनेंहि घरघर होते.” खरें आहे. पण संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा? तीन आठवडे वाट पाहिल्यानें आपला एखादा बाजार चुकतो. वाट न पाहिल्यानें दुसऱ्याचें खुराडें रिकामें होऊं शकतें. जेथें थांबणें स्वस्त व चूक महाग, तेथें संशय हें थांबण्याचें कारण होतें, विकण्याचें नव्हे.

दुसरा म्हणेल, “ती कापून खाण्यासाठींच जाणार आहे.” नीट शिजविलेल्या मांसांत विषाणु टिकत नाहीं हें खरें, परंतु सोललेलीं पिसें, आंतडीं व धुतलेलें पाणी हीं शिजत नाहींत. तीं उकिरड्यावर पडतात, आणि कुत्रीं व कावळे त्यांस पुढें नेतात. बर्ड फ्लू असल्यास सोलणाऱ्याच्या हातासच धोका असतो. शिवाय चांगली तलंग दिसली तर घेणारा ती कापील कीं अंड्यांसाठीं राखील, हें आपल्या हातीं नसतें.

तिसरा म्हणेल, “आमची तर बरी झाली.” जुनाट श्वासरोगांत व सर्दींत बरी झालेली कोंबडी हीच पुष्कळदां रोगाचें घर असते, हें वर आलेंच आहे. जिला आपण दयेनें वांचविलें तिला आपल्या परसांतच ठेवावी. तिचीं अंडीं रवणीला लावूं नयेत, ती कोणास पाळण्यास देऊं नये, आणि तिच्यांत नवीं पिलें सोडूं नयेत. दया करणाऱ्यानें तिचा भार स्वतः वाहावा. तो दुसऱ्याच्या खुराड्यावर टाकूं नये.

चौथा आक्षेप मात्र जड आहे. “आम्ही गरीब आहों, खरेपणा आम्हांस परवडत नाहीं.” महिन्याच्या महिन्यास पगार घेणाऱ्या पाळकानें ह्या आक्षेपाला चार शब्दांत उडवून लावणें बरें नव्हे. एवढें खरें कीं आठवड्याच्या बाजारांत कोंबडी घेऊन पाळणारा बहुधा गरीबच असतो, आणि एका घरचा दहा कोंबड्यांचा तोटा विकल्यानें नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्या गांवीं जाऊन दहांचा शंभर होतो. परंतु ह्यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं तिनें विकूं नये. जें तिनें सर्वांसाठीं सोसलें तें तिनें एकटीनेंच सोसावें, हें मात्र ह्यावरून सिद्ध होत नाहीं.

येथें प्रश्न विकणाऱ्याकडून आम्हां सर्वांकडे येतो. फेब्रुवारी १९०६ नव्हे, तर आपल्याच काळांत, फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत पहिल्यानें बर्ड फ्लू आढळला, तेव्हां तेथील लाखों पक्षी मारण्यांत आले. त्यांत निरोगी दिसणारेहि होते. सरकारनें मारलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली, कारण दुसऱ्यांच्या रक्षणासाठीं ज्याचें घेतलें जातें त्यास कांहीं तरी परत देणें हा न्याय आहे. परंतु मानमोडीनें मेलेल्या दहा कोंबड्यांबद्दल परसांतल्या बाईला सहसा कोणी कांहीं देत नाहीं. उलट तिनें “आमच्याकडे रोग आला आहे” असें सांगितलें, तर शेजारी तिलाच बोल लावतात, तिचीं अंडींहि कोणी घेत नाहीं. मग पुढच्या खेपेस ती गप्प बसते. ज्या गांवांत खरें बोलणाऱ्यास शिक्षा होते त्या गांवानें मौनाबद्दल तक्रार करूं नये.

म्हणून जी मंडळी आपल्या लोकांपासून खरेपणा मागते तिनें त्याचा खर्च वांटून घ्यावा. ज्या घरानें रोग कळविला व बाजार टाळला, त्यास रोग हटल्यावर प्रत्येक निरोगी घरानें एकेक पिलूं किंवा रवणीचीं चार अंडीं द्यावीं. हें दान नव्हे. आपलीं खुराडीं वांचलीं त्याचें तें ऋण होय. लशीचेंहि असेंच आहे. मानमोडीवर चांगली लस आहे. पिलें आठवड्याच्या आंतबाहेर असतां डोळ्यांत किंवा नाकांत थेंब टाकतात, व पुढें पुन्हां द्यावी लागते. परंतु तिची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते, आणि एकदां कालविली कीं दोनएक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरास ती एकट्यानें परवडत नाहीं. दहा घरें एका सकाळीं एकत्र आलीं तर पैशाची नासाडी न होतां सर्वांचें काम होतें.

रोग आलाच तर कर्तव्यें साधीं आहेत. आजारी पक्षी वेगळे करावे. निरोग्यांस आधीं व आजाऱ्यांस शेवटीं दाणापाणी घालावें. मग हात धुवावे व पायांतलें बदलावें. मेलेली कोंबडी ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावी. डालगें, टोपली, दाण्याचें पोतें उसनें देऊं नये, व दुसऱ्याच्या परसांत जाऊं नये. ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यानेंहि कळविणें व रोगी जनावर वेगळें ठेवणें हीं मालकाचीं कर्तव्यें ठरविलीं आहेत. ऐकीव औषधांच्या गोळ्या पाण्यांत घालूं नयेत. विषाणूवर त्यांचा उपयोग होत नाहीं. आणि बाजारांतून नवी कोंबडी आणली तर तिला तीन आठवडे निराळी ठेवावी. कारण विकणारा बोलला नसेल.

ज्या बाईनें बाजाराच्या दिवशीं आपलें डालगें घरींच ठेविलें, तिनें ज्या शेजारणीचें रक्षण केलें तिचें नांवहि तिला ठाऊक नसतें, आणि ती शेजारीण तिचे आभार मानण्यास कधीं येणार नाहीं. तिच्या कृत्याची किंमत त्यामुळें कमी होत नाहीं. पण तिच्या स्वतःच्या गांवाला तर तिचें नांव ठाऊक आहे. तिच्या रिकाम्या खुराड्यांत पुन्हां पिलें यावीं हें काम त्या गांवाचें आहे.