कम्फर्ट झोन देवघरातही असतो



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७

आजचा श्लोक बहुतेकांच्या ओळखीचा आहे. अर्जुन कृष्णाला सांगतो की माझं मन दुबळं झालंय, काय करणं योग्य ते मला कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य आहे, माझ्या हिताचं जे असेल ते मला नक्की सांग. तोपर्यंत तो कृष्णाशी मित्रासारखा बोलत होता. इथे तो शिष्य होतो आणि खऱ्या अर्थानं गीता सुरू होते.

हा श्लोक आज निवडायला एक निमित्त झालं. मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये एक ट्रेनिंग होतं. विषय नेहमीचाच: कम्फर्ट झोनच्या बाहेर या. समोर स्लाइडवर एक छोटं वर्तुळ, त्याच्याभोवती एक मोठं वर्तुळ. शेवटी प्रत्येकाला एक कागद दिला आणि सांगितलं, तुम्ही आजवर कम्फर्ट झोन कधी कधी सोडलात ते लिहा.

माझी यादी भराभर झाली. दहा वर्षं ज्या टेक्नॉलॉजीवर काम केलं ती सोडून क्लाउडवर गेलो. इंग्लिशमध्ये बोलायची भीती होती, तरी दोनशे लोकांसमोर बोललो. पालखीबरोबर दिवेघाट चढून पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेलो. रोज पहाटे उठून गार पाण्यानं आंघोळ आणि मग अकरा माळा जप. यादी बघून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. आणि मग एक गोष्ट आठवली. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला, कुणाला दाखवला नाही.

ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे, पण उठता येत नाही. दिवसा मावशी येतात, रात्री आई असते. मी काय करतो? खूप काही करतो. हॉस्पिटलमध्ये असतो तसा बेड मागवला, फिजिओथेरपिस्ट ठरवला, औषधांची एक्सेल शीट केली, इन्शुरन्सची कागदपत्रं सांभाळली. नातेवाईक म्हणतात, मुलगा असावा तर असा. फक्त एक गोष्ट मी करत नव्हतो. बाबांच्या अंगाला हात लावत नव्हतो. त्यांना पुसणं, डायपर बदलणं, कूस बदलणं, या वेळी मी हळूच खोलीबाहेर जायचो. नेमका तेव्हाच मला एखादा कॉल यायचा. नाही आला तर मीच लावायचो.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस आई सकाळी दूध आणायला खाली गेली होती. मावशी यायच्या होत्या. माझी नववी माळ चालू होती. आतून बाबांनी हाक मारली. मी ऐकली. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. मी मनात म्हटलं, आता दोनच माळा राहिल्यात, नेम मोडायला नको, मावशी येतीलच. दहा-बारा मिनिटांनी जप पूर्ण करून, देवाला नमस्कार करून आत गेलो. चादर ओली झाली होती. बाबा चांगल्या हातानं चादरीचं टोक ओढून ओलं झाकायचा प्रयत्न करत होते. मला बघून म्हणाले, "तुझा जप मोडला का रे?"

मी म्हटलं, "नाही बाबा."

आणि ते खरं होतं. जप मोडला नव्हता. तेव्हाही मी फक्त टॉवेल घेऊन उभा राहिलो. आई आली आणि तिनं पाच मिनिटांत सगळं बदललं.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागलाय: पहाटे साडेचारला गार पाणी अंगावर घेणारा माणूस बाबांची ओली चादर का बदलू शकत नाही? दोन्हींत अवघड काय आहे, अंगाला तर गार पाणीच जास्त बोचतं.

आता पुन्हा अर्जुनाकडे येऊ. अर्जुन भित्रा नव्हता. विराटनगरीच्या गोग्रहणात याच भीष्म-द्रोणांच्या सैन्याला त्यानं परतवलं होतं. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ ने, हेही त्यानंच सांगितलं. कृष्णानं रथ नेला आणि बरोबर भीष्म-द्रोणांच्या समोर उभा केला. तिथे अर्जुनाचे हातपाय गळाले. आणि मग तो काय म्हणतो? पाचव्या श्लोकात म्हणतो की गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून जगणं बरं. त्याच्या दुःखात खोट नव्हती, आपल्या माणसांवर शस्त्र उचलायचं हा प्रश्न खराच होता. पण उत्तर बघा. राजपुत्रानं भीक मागायची म्हणजे केवढी मोठी उडी! आजच्या भाषेत कम्फर्ट झोनच्या पार बाहेर. कुणीही वाहवा करेल. पण त्या क्षणी अर्जुनासाठी तोच सोपा रस्ता होता, कारण त्यात समोर उभ्या असलेल्या प्रश्नाकडे बघावं लागत नव्हतं.

गंमत पुढे आहे. सातव्या श्लोकात तो म्हणतो की मी शिष्य आहे, मला सांग. आणि नवव्या श्लोकात, कृष्णानं उत्तर द्यायच्या आतच, मी लढणार नाही असं सांगून गप्प बसतो. म्हणजे सल्ला मागितला आणि निर्णयही स्वतःच देऊन टाकला. दहाव्या श्लोकात कृष्ण हसल्यासारखा बोलायला लागतो. मला तर वाटतं, आपल्या सगळ्यांच्या प्रार्थनेवर तो असाच हसत असेल.

यातून मला पहिली गोष्ट कळली ती ही: अवघड दिसणारी प्रत्येक गोष्ट आपल्याला वाढवतेच असं नाही. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाबद्दल सांगितलंय की ते सुरुवातीला विषासारखं लागतं आणि शेवटी अमृतासारखं होतं. आपण त्यातून उलटा अर्थ काढतो, की जे जे कडू ते ते सगळं शेवटी अमृत होणार. कोणत्याही इंजिनिअरला विचारा, हे लॉजिक चुकलंय. काही विषं शेवटपर्यंत विषच असतात. सतराव्या अध्यायात तर गीता स्पष्ट सांगते की मानासाठी, दिखाव्यासाठी केलेलं तप राजस आणि हट्टानं स्वतःच्या शरीराला पीडा देऊन केलेलं तप तामस. माझं गार पाणी यात कुठे बसतं, ते मी अजून नीट तपासलेलं नाही. तपासायची थोडी भीती वाटते.

दुसरी गोष्ट नामदेव महाराजांमुळे कळली. परंपरेत सांगतात ती कथा तुम्ही ऐकली असेल. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून बघितलं. बाकी सगळे शांत बसले. नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं आहे. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो, ज्याच्या हातून जेवतो, तो कच्चा? आणि विठ्ठलानंही तेच सांगितलं, विसोबा खेचरांकडे जा. तिथे बघतात तर विसोबा चक्क शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले, तर विसोबा म्हणाले, जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड!

ही कथा मी लहानपणापासून 'देव सगळीकडे आहे' एवढ्यासाठीच ऐकत आलो. आता वेगळी दिसते. नामदेवांचा कम्फर्ट झोन म्हणजे पंढरपूरचं राऊळ होतं, प्रत्यक्ष विठ्ठलाचा सहवास होता. वाईट काहीच नाही, उलट सगळ्यात चांगली जागा. तरी तीही सोडावी लागली. पुढे तेच नामदेव पार पंजाबात गेले, तिथल्या घुमानला आजही त्यांचं स्थान आहे आणि गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांच्या रचना आहेत. राऊळाबाहेर विठ्ठल दिसला नसता तर एवढ्या लांब पाऊल पडलं असतं का?

माझा देव मात्र देवघराच्या चार बाय तीनच्या कोनाड्यात होता. शेजारच्या खोलीतून दोनदा हाक आली, ती कुणाची होती हे मला कळलं नाही. आई-वडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकानं देवालाच विटेवर थांबवलं, ही गोष्ट मी मित्रांना शंभर वेळा सांगितली असेल. मी बरोबर उलटं केलं. देवासाठी बाबांना थांबवलं.

मग प्रश्न येतो, की ओळखायचं कसं? कुठला कम्फर्ट झोन सोडायचा आणि कुठे 'नाही' म्हणायचं? कारण हा शब्द आपल्याविरुद्धही वापरला जातो. मॅनेजर सलग तिसऱ्या शनिवारी काम लावतो आणि म्हणतो, कम्फर्ट झोनमधून बाहेर ये. तिथे सहाव्या अध्यायातली गीता आठवावी. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. मर्यादा हा पळपुटेपणा नाही.

मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवलाय: माझ्या आरामाचं बिल कोण भरतंय?

मी स्टेजवर बोललो नसतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. गार पाण्याऐवजी गरम घेतलं तरी कुणाला त्रास नाही. पण मी बाबांच्या खोलीत जात नव्हतो, त्याचं बिल आईची पाठ भरत होती आणि ओली चादर झाकणारा बाबांचा हात भरत होता. आणि मॅनेजरच्या शनिवारी हाच प्रश्न उलटा विचारला तर कळतं, की तिथे त्याच्या सोयीचं बिल मी आणि माझं घर भरतंय. तिथे 'नाही' म्हणणं हेच माझ्यासाठी कम्फर्ट झोनच्या बाहेर येणं आहे. आजवर हा विषय आपण फक्त स्वतःच्या प्रगतीचा करून ठेवलाय. मी किती वाढलो, मला काय मिळालं. माझ्या सुखाच्या वर्तुळाबाहेर कुणीतरी उभं आहे आणि वाट बघतंय, हे त्या स्लाइडवर नव्हतं.

शेवटी मी मावशींना सांगितलं, मला शिकवा. हे वाक्य बोलायला मला दिवेघाटापेक्षा जास्त दम लागला. त्यांनी शिकवलं. आधी कुशीवर वळवायचं, जुनी चादर अर्धी गुंडाळून पाठीशी सारायची, तिच्याजवळ नवी अर्धी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर. पहिले काही दिवस मला मळमळायचं. बाबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. तेव्हा लक्षात आलं की मी एकटाच वर्तुळाबाहेर आलेलो नाही. ज्या मुलाला त्यांनी कडेवर घेतलं त्याच्यासमोर असं पडून राहणं, हे त्यांच्यासाठी किती अवघड असेल.

आता सवय होतेय. सगळं जमतं असं नाही, अजूनही कधीकधी कॉल आल्याचं नाटक करावंसं वाटतं. मन चंचल आहे हे कृष्णही मान्य करतो, आणि अभ्यासानं ते आवरता येतं असंही सांगतो. अभ्यास म्हणजे रोज थोडं, पुन्हा पुन्हा.

परवा सातवी माळ चालू असताना हाक आली. मी माळ तशीच देवापुढे ठेवली आणि उठलो. बाबांनी तोच प्रश्न विचारला, "जप मोडला का रे?"

म्हटलं, "हो बाबा, मोडला."

ते हसले. म्हणाले, "बरं झालं. जरा खिडकी उघड."

आजचा अभ्यास: आज रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं शांत बसा आणि स्वतःला विचारा, माझ्या आरामाचं बिल घरात किंवा ऑफिसमध्ये कोण भरतंय? एकच नाव लिहा. उद्या त्या माणसासाठी एक छोटं काम करा, जे तुम्ही आजवर टाळत आलात. फोटो काढू नका, स्टेटस ठेवू नका.

उद्या पुढच्या श्लोकावर बोलू.

राम कृष्ण हरी!