निःशब्द तारेची साक्ष

एखादी वस्तू दिसली नाही, हाक मारूनही तिच्याकडून उत्तर आले नाही, एवढ्यावरून ती वस्तू अस्तित्वातच नाही असा निर्णय करण्याचा अधिकार मनुष्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके मोठ्या निकराने लढविला. ईश्वराच्या मौनाविषयीचा आस्तिक-नास्तिकांचा सगळा वाद अखेरीस याच प्रश्नाशी येऊन ठेपतो. या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मला मात्र गेल्या शतकाच्या अखेरीस, सातारा-सांगलीकडील घरांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडणी साधू पाहणाऱ्या संगणकांच्या सान्निध्यात आढळले.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत सर्वसामान्यांस खुली केली. कृष्णाकाठच्या माणसाला मात्र जवळचे केंद्र उपलब्ध होईपर्यंत एसटीडीने पुण्याचा क्रमांक फिरवावा लागे, आणि तोही रात्री दर उतरल्यावर; पुढे १७२ या आकड्यांनी आरंभ होणारे क्रमांक स्थानिक दराने मिळू लागले, तेव्हा हा खर्च आवाक्यात आला. मॉडेम नावाची लहानशी पेटी संगणकाच्या अंकांचे ध्वनीत रूपांतर करी, कारण टेलिफोनची यंत्रणा मनुष्याच्या बोलण्यासाठी, म्हणजे सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यासाठी सिद्ध केलेली होती आणि त्या पट्ट्याबाहेरचे काहीही ती वाहून नेत नसे. पलीकडून २१०० हर्ट्झचा एकसुरी स्वर आला म्हणजे अलीकडची पेटी त्याला प्रतिसाद देई, दोघांत काही क्षण कर्कश वाटाघाटी होत, आणि मग जोडणी लागे. पाटण-जावळीकडच्या पावसात तारेच्या सांध्यांत पाणी शिरले, किंवा घरातील दुसऱ्या खोलीत पॅरलल फोन कुणी उचलला, की ती लागलेली जोडणीही तुटे.

जोडणी लागत नसे तेव्हा यंत्र गप्प बसत नसे. ते आपल्या अपयशाचा तपशील देई, आणि हा तपशील मला फार विचारणीय वाटतो. डायल टोन नाही, लाईन एंगेज आहे, पलीकडून कुणी उचलत नाही, उचलले पण वाहक स्वर आला नाही, हे चार निरनिराळे जबाब होते, आणि विंडोजच्या दफ्तरी त्यांतील पहिल्या तिहींना अनुक्रमे ६८०, ६७६ आणि ६७८ असे क्रमांकही दिलेले होते. सामान्य मनुष्य त्या सर्वांना मिळून ‘नेट लागत नाही’ असे म्हणे. जाणता मनुष्य मात्र पहिल्या जबाबावरून भिंतीवरील रोझेट आणि तेथून खांबापर्यंतची तार तपासावयास घेई, दुसऱ्यावरून थोडा वेळ थांबे, तिसऱ्यावरून फिरविलेल्या क्रमांकाचीच रुजवात करी, आणि चौथ्यावरून मॉडेमचा वेग उतरवून पाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, बाकीच्या जशाच्या तशा ठेवावयाच्या, हा त्याचा नियम असे, आणि नैयायिकांनी अन्वय-व्यतिरेक म्हणून जी रीत सांगितली ती याहून निराळी नाही.

परंतु पहिल्या जबाबात एक विलक्षण गोम होती. कित्येकदा यंत्र ‘डायल टोन नाही’ असे निक्षून सांगे, आणि त्याच तारेवरचा साधा टेलिफोन उचलून कानाला लावला तर तो स्वर स्पष्ट घुमत असे. बाजारातील पुष्कळ मॉडेम अमेरिकेतील एक्स्चेंजच्या प्रमाणांवर घडविलेले असत. तेथील डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन स्वरांच्या मिश्रणाचा, तर आपल्याकडील ४०० हर्ट्झच्या आसपासचा, किंचित कंप पावणारा. आपल्याकडचा स्वर तारेवर होता, तो पेटीपर्यंत पोचतही होता, परंतु पेटीला भिन्नच स्वर ओळखावयास शिकविलेले असल्यामुळे तिच्या लेखी तो नव्हता. यावर उपाय एका लहानशा हुकुमाचा होता: आज्ञांच्या ओळीत ‘एक्स ३’ असे लिहिले की मॉडेम डायल टोनची वाट न पाहता थेट क्रमांक फिरवी, आणि बहुधा जोडणी लागे. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या ज्या तरुणांशी माझा त्या काळी परिचय झाला, त्यांना हा उपाय मुखोद्गत होता.

या ठिकाणी साताऱ्यापासून फार दूर नसलेल्या वाईचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तेथील प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, आणि ज्या मीमांसेचा हा कोश, तिच्यातील कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र सहावे प्रमाण मानलेले आहे. भूतलावर घट नाही हे ज्ञान मला घटाच्या न दिसण्यातून होते, ते अनुमान नव्हे आणि प्रत्यक्षही नव्हे, असे भाट्ट म्हणतात. प्रभाकर आणि नैयायिक ते अमान्य करतात. पण या प्रमाणाला एक अट जोडलेली आहे, आणि सगळा विवेक त्या अटीत साठविलेला आहे: वस्तू असती तर ती खात्रीने आढळली असती, अशी योग्यता असेल तरच तिचे न आढळणे हा तिच्या अभावाचा पुरावा होतो. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही असे कुणी म्हणत नाही. ज्या पेटीला आपल्याकडचा स्वर ओळखताच येत नाही, तिच्या ‘नाही’ या साक्षीला त्या अटीने काहीही मोल उरत नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वरनिषेधाचा समाचार घेताना याच अटीचा आधार घेतला: जो मुळात इंद्रियांना गोचर होण्याजोगा नाही, तो गोचर झाला नाही हा त्याच्या नसण्याचा दाखला कसा होईल?

उदयनांचा हा युक्तिवाद मला निर्दोष वाटतो. परंतु तो जेथे थांबतो तेथून पुढे आमचे धार्मिक लोक त्याचा जो उपयोग करतात, तो मला मान्य नाही. नवस फळला तर देवाने ऐकले आणि न फळला तर आपली भक्ती उणी पडली, असा निकाल ज्या दरबारात आधीच लिहून ठेवलेला आहे, तेथे साक्षी-पुराव्याला स्थानच उरत नाही. मॉडेमच्या अंतर्गत नोंदींत पलीकडच्या वाहक स्वराची किती सेकंद वाट पाहावयाची याची मुदत लिहिलेली असे, बहुधा एक मिनिटाच्या आतबाहेरची. ती वाढविता येई, पण ती आरंभीच ठरलेली असे, आणि म्हणूनच ती संपल्यानंतरच्या ‘कॅरिअर नाही’ या जबाबाला अर्थ असे. ज्या प्रतीक्षेला मुदत नाही, तिच्यातून होकाराचाही पुरावा निघत नाही आणि नकाराचाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे सुपुत्र गोपाळ गणेश आगरकर यांनी ईश्वराविषयी अज्ञेयवादाची भूमिका घेतली, ती मला या दृष्टीने अधिक प्रामाणिक भासते. भक्ताने अमर्याद वाट पाहावी, तो त्याचा अधिकार आहे आणि त्यात थोरवीही आहे. पण मग त्याने आपल्या प्रतीक्षेचा दाखला वादात पुढे करू नये, आणि नास्तिकानेही आपण कोणत्या कानाने ऐकले व तो कान त्या स्वराला योग्य होता हे कशावरून, याचा खुलासा केल्यावाचून मौनाला अभाव म्हणू नये.

मौनाचा अर्थ पुष्कळदा मौनाबाहेरच्या पुराव्याने ठरतो, हेही याच मुलखात पाहावयास मिळाले. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प शासनाच्या साहाय्याने उभा राहिला. आपल्या उसाची नोंद झाली का, वजन किती भरले, बिल केव्हा निघणार, हे शेतकऱ्याने गावातील केंद्रावरच विचारावे अशी ती योजना होती. पुढे २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधकांनी त्यांपैकी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाईलवरील एसएमएसचा प्रयोग केला. आता अशा एखाद्या केंद्रावर जोडणी लागली नाही तर कारखानाच नाही असे कोणता शेतकरी म्हणेल? दर हंगामात त्याचा ऊस त्या दिशेने जातो आणि पैसे त्या दिशेकडून येतात. ईश्वराच्या बाबतीत हा ऊस आणि हे पैसे कोणते, हे सांगण्याचा भार आस्तिकावर आहे, आणि जगाची सुसूत्र रचना, नीतीची हाक, संतांचा अनुभव यांपैकी काहीतरी तो पुढे करतो.

त्यांतील संतांचा अनुभव मला सर्वांत वजनदार वाटतो. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात काही काळ तत्त्वज्ञान शिकविणारे गुरुदेव रा. द. रानडे यांनी आपले आयुष्य या अनुभवाच्या परीक्षणात वेचले, आणि निरनिराळ्या भाषांतील व धर्मांतील साक्षात्कारी पुरुषांचे जबाब एकमेकांशी जुळतात यावर त्यांनी भर दिला. पण जुळणाऱ्या साक्षींनाही एक प्रश्न विचारावा लागतो. एकाच गल्लीतील दोन घरांत एकाच वेळी जोडणी लागत नसेल, तर ते दोन साक्षीदार नव्हेत. दोघांच्या तारा एकाच खांबावरून एकाच एक्स्चेंजमध्ये गेलेल्या असतात, आणि साक्ष वस्तुतः एकाच बिघाडाची असते. मराठी संत, कानडी संत आणि हिंदी संत यांचे अनुभव जुळतात ते कितपत स्वतंत्रपणे, की नाथपंथ, भागवत, गुरुपरंपरा आणि वाऱ्या-यात्रा यांच्या द्वारे त्या सर्वांच्या तारा आधीच एकत्र मिळालेल्या होत्या? असे विचारले की त्या साक्षीचा बराचसा भाग एका साक्षीत जमा होतो, हे मान्य करावे लागेल. परंतु रानड्यांनी तौलनिक विचारासाठी युरोपातील ख्रिस्ती साधकांचेही जबाब घेतले आहेत, आणि त्यांचा व ज्ञानदेव-तुकारामांचा कोणताही प्रत्यक्ष संबंध दाखविता येत नसताना आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीचे, विरहाचे आणि त्यानंतरच्या प्रकाशाचे वर्णन दोहोंकडे येते. साक्षीचा तेवढा भाग अशा छाननीनंतरही उरतो असे माझे मत आहे, आणि आगरकरांच्या पक्षाने खोडावयाचा आहे तो तेवढाच भाग.