एकट्याचा ताल आणि मंडळीचा ताल

ज्यास एकांतांत ताल साधला त्यास तो चारचौघांतहि साधेल, असें आपण सहज समजतों. परंतु हे दोन ताल एकच आहेत काय? हा प्रश्न केवळ गवयांचा नाहीं, म्हणून येथें मांडितों.

विद्यार्थी असतां मी खोलींत एकटाच तबला वाजवीत असें. त्रितालाच्या 16 मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली, हें सर्व मुखोद्गत होतें. अवघड बोल आला कीं हात मंदावे, सोपा आला कीं धांवे. पण तें मला कधींच कळलें नाहीं, कारण तालहि माझ्याबरोबरच थांबे व धांवे. एकट्याची चूक धरावयास दुसरा कोणी नसतो.

पुढें एका गांवीं पाळक म्हणून गेलों व भजनांत बसलों. धुमाळीच्या 8 मात्रांचा साधा ठेका. भजन रंगलें तशी लय चढली, जशी ती बहुधा चढतेच. मूळची लय मीच राखिली आहे, सत्य माझ्याकडे आहे, असें वाटून मी अधिक जोरानें वाजवूं लागलों. शेवटीं गाणें मोडलें. टाळ धरणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस मी सर्वांदेखत म्हणालों, "तुम्हीच धांवलांत." त्यांनीं टाळ खालीं ठेविले, व कित्येक रविवार ते हातीं घेतले नाहींत.

माझें म्हणणें खोटें होतें काय? पूर्णपणें नव्हतें, आणि हेंच मला फार दिवस टोंचत राहिलें. लय व सम या भिन्न वस्तु आहेत. लय थोडी चढली तर तिच्याबरोबर जाणें हा लबाडपणा नव्हे. सम मात्र कोणासाठींहि सोडतां येत नाहीं, कारण तेथेंच सर्व मिळतात. हात चुकलाच तर तुकडे सोडून नुसता ठेका धरावा व समेची वाट पाहावी. यांत वादकाचा मान जातो खरा.

आणि चूक नेहमीं कोणाची तरी असतेच असेंहि नाहीं. नाताळच्या फेरींत पाहा. ध्वनि सेकंदास सुमारें 340 मीटर जातो. म्हणून 34 मीटर मागें चालणाऱ्यास ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शानें उशिरां पोंचतो. निव्वळ कानावर विसंबणारा निर्दोष मनुष्यहि तेथें मागें पडतो. त्यानें वाजविणाऱ्याच्या हाताकडे पाहावें.

मी त्या गृहस्थांकडे जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं एवढेंच विचारलें, "पाळकसाहेब, आज माझ्याकडे बघून वाजवाल का?" मीं होय म्हटलें. त्या दिवशींहि लय चढलीच.