चीक घोटायला दोघी लागतात

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस मर्जीने येतो, आणि एकदा मर्जी फिरली की दोन-दोन वर्षं फिरलेलीच राहते. त्यामुळे सोयरीक जुळवायला आलेला शहाणा माणूस पोरीच्या बापाचा वाडा बघायचा नाही, पेव किती आहेत ते विचारायचा. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुरमाड जमिनीत खणलेला खड्डा. तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा, आत पोट सुटलेला. कडेने कडब्याचा जाड थर, मधे ज्वारी, वरून दगड आणि माती. आतली हवा संपली की किडा जगत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. पण किड्याला न सोडणारी हवा माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की तोंड मोकळं ठेवायचं, कंदील दोरीने आत सोडायचा, विझला तर थांबायचं. घाईने उतरलेला माणूस वर आलाच नाही, अशी एखादी तरी आठवण जुन्या गावात सापडतेच. कडेच्या ज्वारीला कुबट वास यायचा. तिची भाकरी सालगड्याच्या वाट्याला जायची आणि मधली मालकाच्या. टिकवलेल्या अन्नाचंही वाटप कधी सारखं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारने धान्याची सक्तीची लेव्ही सुरू केली, आणि साठवणीच्या जागेची लपवणीची जागा झाली. अंगणातल्या पेवावर शेणाने सारवून वर जनावरं बांधली की ते पेव कोणाला दिसायचं नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात करोडगिरी नाके जाळल्याचं येतं, शिंदीची झाडं तोडल्याचं येतं, आपल्या जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव तर येतंच. सारवलेल्या पेवांचं फारसं येत नाही. घरातलं काम इतिहासात शिरायला नेहमीच उशीर लागतो.

पेव हे पुरुषांचं खातं. बायकांचं खातं वर, माळवदावर. चैत्र लागला की कुरडया, शेवया, खारोड्या, सांडगे. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवायचा, चिंच फोडून मिठात दाबायची, काळं तिखट आणि येसूर कुटायचा. येसूर असला की भाजीवाचून अडत नाही. एक चमचा टाकला की आमटी उभी राहते. दुष्काळी भागाने शोधलेल्या गोष्टींत मी येसुराला फार वरचं स्थान देतो. 1972 साली पेवं रिकामी झाली, लोक खडी फोडायला गेले, रेशनवर परदेशातली लाल मिलो आली. तेव्हा ती भाकरी ज्या आमटीबरोबर घशाखाली उतरली, ती बहुतेक घरांत येसुराचीच होती.

या सगळ्यांत कुरडई मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती एकटीने होत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी निथळून टाकायचं. इथपर्यंत एका बाईचं काम. मग मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळतं, आणि इथून पुढे दोघी हव्यात. एकीने चिकाची बारीक धार सोडायची, दुसरीने हात न थांबवता घोटायचं. धार जाड झाली की गाठी. हात थांबला की गाठी. गाठी झाल्या की सोऱ्या तुंबतो आणि तीन दिवसांचं काम म्हशीपुढे जातं. घोटून चीक चकचकीत झाला की तो गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा आणि उन्हं चढायच्या आत धोतरावर कुरडया पडल्या पाहिजेत.

माझ्या लहानपणी गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भावकी फुटली होती. दोन पॅनल, एकाच आडनावाची. माझी चुलती आणि तिची जाऊ दोन बाजूंना होत्या. गुलाल उधळून महिने लोटले तरी बोलणं नव्हतं, बांधावरून कोर्टकज्जाही सुरू होता. पण चैत्रात जाऊबाई पहाटे चारला आल्या, पदर खोचला आणि पातेल्यापुढे बसल्या. दोघींमध्ये मला बसवलं होतं. ‘तिला म्हणावं, धार बारीक सोड.’ मी म्हणायचो. ‘तिला म्हणावं, हात चालव आधी.’ तेही मी म्हणायचो. दोघी एकमेकींच्या हातभर अंतरावर. चीक शिजला, सोऱ्या फिरला, ऊन चढायच्या आत माळवद भरलं. दुसऱ्या दिवशी चुलती त्यांच्याकडे गेली, न बोलता. कोर्टातलं प्रकरण पुढे कितीतरी वर्षं चाललं.

या प्रसंगात प्रेम शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही. त्यांचं पटत नव्हतं आणि शेवटपर्यंत पटलं नाही. पण दोघींच्या घरात वर्षाची कुरडई पडायला हवी होती, आणि घोटण्यात दुसरीइतका पक्का हात गल्लीत तिसरीचा नव्हता. आपण सामाजिक सलोख्यावर भाषणं देतो तेव्हा सगळा भार मनावर टाकतो: मनं जुळली पाहिजेत, मनातलं विष काढलं पाहिजे. माझा मनांवर तेवढा भरवसा नाही. मनं एका सभेत फिरतात. माणसाचं दुसऱ्यावाचून अडत असेल, तर मात्र तो दुसऱ्याच्या घरावर दगड टाकण्याआधी थोडा थांबतो. सगळेच थांबतात असं नाही. पण काही थांबतात, आणि दंगलीच्या दिवशी तेवढ्यांचाही हिशोब लागतो.

हे मी नुसतं कुरडयांवरून म्हणत नाही. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी या भागात लूट, जाळपोळ आणि खून केले होते. ते आपण दर वर्षी ध्वजारोहणाच्या भाषणात ऐकतो आणि ते खरं आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं, ते भाषणात येत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरली. पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानभर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मरणारे प्रामुख्याने मुसलमान होते, आणि सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं, नाव होतं. त्या वेळच्या जिल्ह्यात लातूरही आलं. तो अहवाल कितीतरी दशकं दाबून ठेवला गेला. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचायला मिळतो, याचा गाजावाजा झाला तो 2013 साली.

त्या अंगावर काटा आणणाऱ्या पानांत एक बारीकशी नोंद आहे. हिंदूंनी मुसलमानांना वाचवल्याची उदाहरणं समितीला भेटली, आणि एकाच धंद्यातल्या लोकांत हा आपलेपणा जास्त दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचवलं, त्यापायी स्वतःची माणसंही गमावली. विणकर कोणत्या गावचे, तपशील काय, ते तिथे नाही. पण हे विणकरांच्या बाबतीत घडलं, याचं मला नवल वाटत नाही. मागावरचं काम साखळीने चालतं. ताणा एकाकडे, खळ दुसऱ्याकडे, रंग तिसऱ्याकडे. साखळीतला एक गेला की पुढचा माग थांबतो.

ही नोंद मी एका जाणत्या गृहस्थांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘त्यात मोठेपणा कसला? धंदा बुडाला असता त्यांचा.’ मी म्हटलं, असेल. पण धंदा बुडेल म्हणून कोणी छातीवर वार घेत नाही. धंद्यामुळे ओळख झाली असेल, आणि ओळखीमुळे पुढचं पाऊल पडलं असेल. ते हसले आणि विषय बदलला.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर हा लेख आठवणींचा गोड शिरा होईल. माळवदावर सगळ्यांना प्रवेश नव्हता. पापडाचं पीठ कोणी तिंबायचं, कोणाचा हात चिकाला लागलेला चालतो, हे जातीने ठरलेलं होतं. महारवाड्यातली, मांगवाड्यातली बाई वाळवणाच्या दिवशी घरात येत नव्हती. तिच्या पदरात उरलेला चीक वरून टाकला जायचा. नदाफांची भाभी गाद्या घालायला अंगणात यायची, कापूस पिंजायची, तिचा नवरा आणि माझे आजोबा तासन्‌तास बोलायचे, पण तिचा चहाचा कप कोनाड्यात वेगळा असायचा. गरज तर तिथेही होतीच. सुतार, चांभार, कुंभार यांच्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं. मग त्या गरजेने त्यांना वाचवलं का? वाचवलं नाही, बांधून घातलं. दोघींपैकी एकीला ‘नाही येणार जा’ म्हणता येत नसेल, तर त्याला सहकार्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जाऊबाई आल्या नसत्या तर चुलतीचं अडलं असतं, चुलती गेली नसती तर त्यांचं. हे दोन्हीकडचं अडणं महत्त्वाचं. बलुत्यात अडायचे दोघेही, पण भोगायचा एकच.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि माळवद हा शब्दच भीतीचा झाला. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खणांवर फुटा-दोन फुटांचा मातीचा थर. उन्हाळ्यात थंड, वर वाळवणाला ऐसपैस जागा, आणि त्या पहाटे तोच थर झोपलेल्या माणसांवर आला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आणि उमरगा-लोहाऱ्याकडची गावं आपलीच. पूर्ण पडलेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. पक्की घरं, रुंद सरळ रस्ते, प्रत्येकाला वेगळं अंगण. सुरक्षित म्हणून ते योग्यच होतं. पण एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकून जाता येत होतं, ते संपलं. पडझड झालेल्या गावांत दुरुस्तीच्या कामासाठी ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच बाया नेमल्या. लोखंड किती, सिमेंट किती, हप्ता कधी, हे त्या विचारायला लागल्या आणि पुढे त्यांतूनच बचतगटांचं जाळं उभं राहिलं. एकमेकींवाचून अडण्याची ती नवी जागा होती. तिथे जुन्या माळवदापेक्षा जास्त जातींच्या बाया एका सतरंजीवर बसल्या. ही सुधारणा लहान नव्हे.

आता शेवयांचं यंत्र आलं, कुरडईचा घाणा आला, पीठ देऊन संध्याकाळी पिशवी घरी. बायकांची कंबर वाचली, याबद्दल मला तरी हळहळ नाही. पहाटे तीनला उठणं ज्यांच्या वाट्याला नव्हतं, तेच त्याची गाणी गातात. फक्त एवढं झालं की जावेवाचून अडेनासं झालं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा एका प्रदर्शनात पापडांच्या पाकिटावर ‘उस्मानाबाद’ छापलेलं होतं आणि त्यावर ‘धाराशिव’ची चिकटपट्टी लावलेली होती, थोडी तिरकी. गटातल्या बाई म्हणाल्या, ‘जुनी पाकिटं संपेस्तोवर असंच.’ बाहेर त्याच नावावरून तरण्या पोरांच्या मोबाइलवर रणकंदन चाललं होतं. नाव बदलावं की न बदलावं यावर मला मत आहे, पण त्या बाईंना पाकिटांचा खर्च होता आणि ते मत त्या खर्चापुढे फिकं वाटलं.

सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतरच्या मराठा-ओबीसी वादात आमच्या भागातही कोणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा, कोणाकडे दाढी करायची, असली बोलणी कानावर आली. आरक्षणाची मागणी चूक की बरोबर, हा प्रश्न कोर्टात आणि सभागृहात लढता येतो. पण दाढीचं दुकान बदलायची भाषा माझ्या लेखी जास्त धोक्याची आहे, कारण ती अडणंच तोडते.

मग आज या जिल्ह्यात सगळ्यांचं एकत्र अडतं कुठे? आजचं सर्वांत मोठं वाळवण सोयाबीनचं आहे. दिवाळीच्या तोंडाला रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, देवळापुढच्या फरशीवर ताडपत्र्या पसरलेल्या दिसतात. 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये होता, पण खरेदी केंद्राची अट 12 टक्के ओलाव्याची. त्या वर्षी ओरड झाली तेव्हा ती 15 वर नेली गेली. मापाच्या यंत्राला जात कळत नाही. आकडा मर्यादेच्या वर गेला की पाटलाचीही पोती परत आणि धनगराचीही. 2025च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने परंडा-भूमकडे उभी पिकं नेली, घरातल्या कणग्यांत ज्वारीला मोड आले, तेव्हा नुकसानीच्या पंचनाम्याची रांगही एकच होती.

खरेदी केंद्राबाहेरच्या मैदानात ढग भरून आले की जो तो जवळच्या ढिगाकडे पळतो. ढीग कोणाचा ते बघायला वेळ नसतो. ताडपत्रीची चार टोकं चौघांना धरावी लागतात. मी तिथे उभा होतो तेव्हा एक टोक धरलेला पोरगा दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्यावर ओरडत होता, ‘वढा की जोरात, उपाशी हाव का?’ म्हातारा त्याला आईवरून शिव्या देत होता. पोराच्या गळ्यात एका आंदोलनाचा रुमाल होता, म्हाताऱ्याच्या डोक्यावर दुसऱ्याची टोपी. ढीग झाकला गेला. संध्याकाळी दोघांच्या सभा वेगवेगळ्या होत्या आणि दोघेही आपापल्या सभेला गेले. सकाळी ओलावा मोजायला रांगेत पुन्हा पुढे-मागे उभे होते, आणि केंद्राचा माणूस अजून आला नव्हता म्हणून दोघे मिळून त्याला फोन लावत होते.